कोण निघालं या भोकातून? संत्रा बागेतल्या कामाच्या नोंदी

५ फेब्रुवारी २०२४, वरुड तालुका

झाडांना दिलेला पाण्याचा ताण तुटला, पाणी सुरू झालं आणि आंबिया बहाराची नवती सुटली. शेंड्याशेंड्याला पोपटी पालवी, मधेमधे कळी. आजपासून काम सुरू.

काम असं: गावच्या शेतकरी गटासाठी एक ओळखसंच तयार करायचा. संत्र्यावरच्या किडींचे तक्ते सगळ्यांनी पाहिलेले आहेत. त्या किडींवर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्यांचा तक्ता मात्र मला इथे कुणाच्या घरात दिसलेला नाही. या गांधीलमाश्या जेमतेम मिलिमीटरभर असतात. माणसाला डसत नाहीत, उडताना नजरेस पडत नाहीत. नजरेस पडते ती त्यांनी मागे ठेवलेली खूण. म्हणून संचात खुणाच दाखवायच्या: खरी पानं, त्यांवरची खरी मेलेली पिल्लं आणि सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग.

बाग काकांची. जंबेरी खुंटावरची नागपुरी संत्र्याची झाडं, काळी भारी जमीन, ठिबक. त्यांना विनंती केली की बांधाकडच्या ओळींवर या नवतीत फवारा मारू नका. काका म्हणाले, "सोडतो माय, पण सायलानं शेंडे जाळले त मंग माह्याजवळ येऊ नोको." सायला म्हणजे कोवळ्या पालवीतला रस शोषणारी बारीक कीड. एवढी परवानगी पुरे.

१२ फेब्रुवारी

सायलाची अंडी सापडली. न उलगडलेल्या पानांच्या घडीत, बदामाच्या आकाराची, पिवळट-नारिंगी. शेंडा हलकेच उलगडला तरच दिसतात. दोन झाडांवर पिल्लंही आहेत: चपटी, पिवळसर, मागे पांढऱ्या मेणाचे दोरे सोडणारी. प्रौढ सायला ओळखायला सोपा, तीन-चार मिलिमीटरचा. डोकं खाली, मागचा भाग वर, असा पानावर तिरपा बसतो. गटातले बरेच जण त्याला नुसत्या बसण्यावरून ओळखतात.

पिल्लं पाच वेळा रूप बदलतात. मला हवी ती चौथ्या-पाचव्या अवस्थेतली, म्हणजे पंखांच्या कळ्या फुगलेली. गांधीलमाशी अंडं घालायला शक्यतो त्यांनाच निवडते. निशाणीची फीत बांधून फांद्या ठरवल्या.

२० फेब्रुवारी

मिळाली. फवारा न मारलेल्या ओळीत, शेंड्यापासून तिसऱ्या पानाच्या शिरेलगत. जिवंत पिल्लं पिवळट आणि ओलसर दिसतात, ही मात्र तपकिरी, कोरडी, फुगीर आणि पानाला घट्ट चिकटलेली. बोटाने ढकलली तरी सुटत नाहीत. भिंगातून पाहिलं तर काहींच्या पुढच्या भागात, डोक्या-छातीच्या जागी, गोल भोक.

निंदणाला आलेल्या मावशी मागून डोकावल्या. "हे त मेलेलं हाय. याले काऊन पायतं वं?" मग त्यांच्या हाती भिंग दिलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि नंतर त्यांनीच पुढची दोन पानं शोधून दिली. त्यांची नजर माझ्यापेक्षा तयार आहे. कोवळ्या पानाचा बदललेला रंग त्यांना लांबूनच कळतो.

ही खूण टॅमॅरिक्सिया रेडिएटा या गांधीलमाशीची असण्याची दाट शक्यता आहे. नेमकी जात ठरवणं तज्ज्ञांचं काम, म्हणून काही नमुने अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवले. या जातीची मादी सायलाच्या पिल्लाखाली एक अंडं घालते. अळी बाहेरूनच, पिल्लाच्या पोटाला चिकटून, रस शोषत वाढते. पिल्लू मरतं, अळी त्याच्या कडा रेशमाने पानाला चिकटवून टाकते आणि त्या रिकाम्या कवचाच्या छपराखाली कोष करते. पूर्ण वाढलेली गांधीलमाशी छप्पर कुरतडून निघते. पंचवीस अंशांच्या आसपास अंड्यापासून इथवर साधारण बारा दिवस.

अंडं घालणं हे तिचं अर्धंच काम. लहान पिल्लांना ती अंडं घालायच्या नळीने टोचते आणि पाझरणारा रस पिते, कारण पुढची अंडी तयार व्हायला प्रथिनं लागतात. अशी पिल्लं सुकून गळून जातात, त्यांच्यावर भोक उरत नाही. नोंद घेणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं: भोकं मोजली तरी तिने मारलेल्यांपैकी एक हिस्सा हिशेबात येतच नाही. खाणं आणि अंडी घालणं मिळून एक मादी आयुष्यात पाचशेपर्यंत पिल्लं संपवू शकते, असे प्रयोगशाळेतले आकडे आहेत.

२३ फेब्रुवारी

भोक नसलेली तपकिरी पिल्लं पानासकट आणली. पारदर्शक डबी, तोंडाला मलमलचं कापड, रबरबँड, आत कागदावर मधाचा अगदी बारीक थेंब. थेंब मोठा पडला तर बाहेर पडणारी गांधीलमाशी त्यातच अडकते. डबी उन्हात नाही, खिडकीच्या आतल्या बाजूला.

२८ फेब्रुवारी

सकाळी डबीत हालचाल. काळं अंग, फिके पाय, पोटाच्या मध्यावर फिकट पट्टा. मादी आणि नर मिशांवरून वेगळे करता आले: नराच्या मिशांवर लांब केस, मादीच्या साध्या. फलित न झालेल्या अंड्यातून नर होतो आणि फलित अंड्यातून मादी, त्यामुळे नर न भेटलेली मादीसुद्धा अंडी घालते, फक्त सगळे नर निघतात.

काकांना बोलावलं. त्यांनी डबी उजेडाकडे धरली. "एवढीशी?" मग लगेच कामाचा प्रश्न: "आपण फवारतो तवा हे मरते का?" मरते. कवचाखाली असेपर्यंत तिला थोडा आडोसा असतो. बाहेर पडून पानांवर फिरू लागली की सायलाला मारणारं बहुतेक औषध तिलाही मारतं, आणि तिचं पोट भरणारी पिल्लं संपलेली असल्याने बागेत पुन्हा जम बसायला वेळ लागतो. सायला मात्र शेजारच्या बागेतून, गोडलिंबाच्या झाडावरून, कुंतीच्या कुंपणावरून चटकन परत येतो.

३ मार्च

आज बागेत गेले नाही. वाचन आणि टिपणं. हे सगळं संचासोबतच्या पत्रकात जायला हवं, कारण या किड्याचं मूळ इथलंच आहे.

टॅमॅरिक्सियाचं शास्त्रीय वर्णन जेम्स वॉटरस्टन यांनी १९२२ मध्ये केलं, तेही तेव्हाच्या पंजाबातल्या लायलपूरच्या नमुन्यांवरून. लायलपूर म्हणजे आजचं पाकिस्तानातलं फैसलाबाद. पंजाबातल्या लिंबूवर्गीय झाडांवरच्या सायलाचा सविस्तर अभ्यास हुसेन आणि नाथ यांनी १९२७ मध्ये मांडला. म्हणजे ही जोडी आपल्या बाजूला शंभर वर्षं माहीत आहे.

पुढे हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर सायलाने पसरणाऱ्या ग्रीनिंग रोगाने संत्रावर्गीय बागा मोडकळीला आल्या होत्या. तिथे १९७८ मध्ये भारतातून ही गांधीलमाशी नेऊन सोडली आणि सायला खाली आला. हे उदाहरण जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. तिथे तिच्यावर जगणारे दुसरे परोपजीवी सोबत गेले नव्हते, हे त्या यशाचं एक मोठं कारण.

कॅलिफोर्नियात सायला २००८ मध्ये पोचला. रिव्हरसाइडच्या विद्यापीठातले मार्क हॉडल यांनी हवामान जुळतं म्हणून पाकिस्तानी पंजाब निवडला, फैसलाबादच्या कृषी विद्यापीठासोबत तिथून टॅमॅरिक्सिया गोळा केली, विलगीकरणात तपासली आणि डिसेंबर २०११ पासून सोडायला सुरुवात झाली. मोठ्या प्रमाणावर वाढवताना सायला पोसायला त्यांनी झाड वापरलं ते आपल्या अंगणातलं गोडलिंब. प्रामुख्याने सोडल्या त्या घरांच्या परसातल्या लिंबू-संत्र्यांवर, जिथे कुणी नियमित फवारत नाही.

त्याच राज्यातली आणखी एक गोष्ट. लाल खवले कीड तिथे संत्र्याची मोठी शत्रू. पॉल डीबाक यांनी १९५६-५७ मध्ये भारत आणि पाकिस्तानातून आणलेली आफायटिस मेलिनस ही गांधीलमाशी तिथल्या कोरड्या, उष्ण आतल्या भागात इतकी रुजली की चीनमधून आधी आणलेली तिची बहीणजात काही वर्षांतच तिथून मागे हटली. व्हेंचुरा काउंटीतल्या फिलमोरच्या बागायतदारांनी १९२२ मध्ये एकत्र येऊन स्वतःचं मित्रकीटक केंद्र काढलं होतं. अशा केंद्रांत आफायटिस कशी वाढवतात, तर कण्हेरीवरची खवले कीड भोपळ्यावर वाढवून. आपल्या गटाला मला हेच सांगायचं आहे. ही कामं परदेशातल्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून केली, आणि ज्या जिवांसाठी केली त्यांतले कितीतरी आपल्या भागातून गेलेले आहेत. आपल्याला ते विकत आणायचे नाहीत, बागेत आहेत त्यांना ओळखायचं आहे.

९ मार्च

दुसऱ्या प्रकारचं भोक. कवच तसंच तपकिरी, पण भोक मागच्या टोकाकडे. हे बहुधा डायफोरेन्सिर्टस अलिगढेन्सिसचं काम. नावातच अलीगढ आहे, वर्णन १९७५ चं. हिची अळी पिल्लाच्या शरीराच्या आत वाढते. पुढून भोक ते टॅमॅरिक्सियाचं, मागून भोक ते हिचं: संचातल्या पहिल्या पाटीचा मजकूर ठरला. दोन्ही पानं एकाच पुठ्ठ्यावर, शेजारी शेजारी.

एका डबीतून भलताच कीटक निघाला, वेगळ्या ठेवणीचा, चमकदार. परोपजीवीवर जगणारा परोपजीवी असावा. आपल्याकडे असे अनेक आहेत. रियुनियनमध्ये जे घडलं ते इथे तसंच घडेल असं म्हणता येत नाही, त्यामागे हे एक कारण. पत्रकात हे स्पष्ट लिहिणार. शेतकऱ्याला अर्धं सांगितलं की तो पुढचं ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

१८ मार्च

काळी माशी. आमच्याकडे कोळशी म्हटली की जुन्या लोकांचा चेहरा बदलतो. पानांवर, फळांवर काजळीसारखा थर, झाड दमलेलं, फळाला भाव नाही. थर बुरशीचा, बुरशी वाढते ती काळ्या माशीच्या पिल्लांनी टाकलेल्या चिकट गोड पाण्यावर. विदर्भात तिच्या वर्षाला तीन पिढ्या. पहिलीचे प्रौढ मार्च-एप्रिलला, मग पावसाळ्यात, मग हिवाळ्याच्या तोंडाला.

पानामागे अंड्यांची गोल-गोल वळणं आज दिसू लागली. मला मात्र जुन्या पिढीची रिकामी कवचं हवी होती. काळी, काटेरी, कडेला पांढऱ्या मेणाची किनार. भिंग लावून एकेक पाहत गेले.

इथे भोक वाचणं सायलापेक्षाही सोपं आहे. काळी माशी स्वतः बाहेर पडली असेल तर कवचाच्या पाठीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर दिसते, कवच शिवणीवर उसवल्यासारखं. गांधीलमाशी निघाली असेल तर कडा कुरतडलेलं, नीट गोल छिद्र. चीर दिसली तर त्या कवचातली कीड उडून गेली आणि अंडी घालते आहे. गोल छिद्र दिसलं तर तिथे काळी माशी कधी झालीच नाही, तिच्या जागी तिची वैरीण बाहेर पडली.

गेल्या वर्षी बाग फवारलेल्या शेजारच्या काकांना दोन्ही पानं दाखवली. त्यांच्या मते सगळीच कवचं "औषधानं मेलेली". गोल छिद्र आणि चीर यांतला फरक बघितल्यावर त्यांनी स्वतःच्या बागेतून पानं आणून माझ्यासमोर ठेवली. त्यांवर चिराच जास्त होत्या. फवारा झाला, कोळशी राहिली, हे त्यांना आधीच माहीत होतं. का राहिली याचा एक धागा आज हाती लागला.

मेक्सिकोची हकीकत यासाठीच पत्रकात घेते आहे. काळी माशी तिथे १९३५ मध्ये सापडली आणि पसरत गेली. क्यूबात १९३० मध्ये मलायातून नेलेली एरेट्मोसेरस सेरियस ही गांधीलमाशी चांगली चालली होती, पण मेक्सिकोच्या कोरड्या भागात तिचं जमेना. मग एच. डी. स्मिथ हे कीटकशास्त्रज्ञ १९४८ ते १९५० या काळात भारत-पाकिस्तानात फिरले आणि इथल्या काळ्या माशीवरून एन्कार्सियाच्या जाती आणि अमिटस हेस्पेरिडम या गांधीलमाश्या गोळा करून धाडल्या. या गांधीलमाश्यांनी मेक्सिकोतल्या बागा सावरल्या. फ्लोरिडात १९७६ मध्ये काळी माशी आली तेव्हा हेच कीटक मेक्सिकोतून तिथे नेले. अमिटसची मादी थोडे दिवस जगते पण भरपूर अंडी घालते, म्हणून कीड दाट असताना ती पुढे असते. कीड विरळ झाली की शोधाशोध करणारी एन्कार्सिया टिकते. दोघी लागतात.

मग आपल्याकडे कोळशी का? माझं मत: फवाऱ्याची वेळ. काळ्या माशीवर औषध परिणामकारक असतं ते अंड्यांतून पिल्लं निघताना. नंतर कवच टणक होतं, औषध लागत नाही, आणि नेमकं तेव्हाच कवचांतून गांधीलमाश्या निघत असतात. उशिरा मारलेला फवारा चुकीच्या प्राण्याला लागतो.

२६ मार्च

मुंग्या. सायलाच्या पिल्लांभोवती आणि पिठ्या ढेकणांभोवती येरझारा. गोड पाणी त्यांना हवं असतं, त्यामुळे अंडं घालायला आलेल्या गांधीलमाशीला त्या हुसकावतात. कॅलिफोर्नियात अर्जेंटाइन मुंग्या टॅमॅरिक्सियाला असाच अडथळा करतात, हे तिथे अभ्यासून झालं आहे. आपल्या बागेतही मुंग्यांची रांग असलेल्या फांदीवर तपकिरी पिल्लं कमी दिसली. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्या, बुंध्याला चिकट पट्टा बांधला. पट्टा सालीवर थेट नको, आधी कागद.

पांदणीकडच्या ओळींत पानांवर धुळीचा जाड थर आहे. धुळीत या गांधीलमाश्या नीट फिरू शकत नाहीत, आणि खवले कीड व कोळी अशाच रस्त्याकडेच्या झाडांवर वाढतात. काकांनी ट्रॅक्टरच्या टाकीने त्या ओळी धुऊन घेतल्या. नुसतं पाणी.

२२ एप्रिल

ऊन. नवती जून झाली, सायला उतरला. काम थांबवते. पानं वर्तमानपत्रात दाबून सुकवली, पुठ्ठ्यावर चिकटवली.

२४ जून

मृगाचा पाऊस झाला आणि पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत, नवी पालवी. आज शेंदुरजना घाटच्या बाजूला एका पन्हेरीवाल्या दादांकडे गेले. रोपांना वर्षभर कोवळी पालवी फुटत राहते, म्हणून किडींचा मुक्कामही बारमाही.

नागअळीची चंदेरी वळणं जवळजवळ प्रत्येक रोपावर. ही अळी ज्या पतंगाची, त्याचं शास्त्रीय वर्णन १८५६ मध्ये झालं तेही आपल्या कलकत्त्याच्या नमुन्यांवरून. वळणाच्या शेवटी सुईने पापुद्रा उचलला की आत कधी जिवंत अळी, कधी सुकलेली अळी आणि शेजारी गांधीलमाशीचा बारीक कोष. फ्लोरिडात ही नागअळी १९९३ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी एजेनियास्पिस सिट्रिकोला ही गांधीलमाशी सोडली गेली. तिच्या एका अंड्यातून एकाहून जास्त गांधीलमाश्या तयार होतात. दादा म्हणाले, "पान वाकडं दिसलं की गिऱ्हाईक रोप घेत नाही, म्हणून मारावंच लागतं." हे खरं आहे, आणि पन्हेरीला बागेचा सल्ला जसाच्या तसा देता येणार नाही.

लिंबाच्या फुलपाखराची अंडीही दिसली. गोल, पिवळट, सुटी सुटी. एक काळवंडलेलं होतं, बहुधा आत ट्रायकोग्रामा किंवा तिच्यासारखीच अंड्यावर जगणारी गांधीलमाशी. ट्रायकोग्रामाची कार्डं गटाला माहीत आहेत, कपाशीवर लावलेली आहेत. म्हणून इथे फार लिहीत नाही.

७ जुलै

संच गटासमोर मांडला. समाजमंदिरात, उजेडासाठी दारापाशी टेबल. पाट्या चार: पुढचं भोक, मागचं भोक, टी चीर, गोल छिद्र. भाषण केलं नाही, भिंगं दिली.

एका ज्येष्ठ बागायतदारांनी थेट विचारलं, "ग्रीनिंग थांबन का यानं?" नाही थांबणार. ग्रीनिंगचा जिवाणू सायला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि रोग पसरायला सायलाची फार मोठी संख्या लागत नाही. फ्लोरिडात १९९८ मध्ये सायला सापडला, लगोलग टॅमॅरिक्सिया सोडली गेली, ती रुजलीही, तरी २००५ मध्ये तिथे ग्रीनिंग आढळला आणि पुढे बागा गेल्या. गांधीलमाशी सायलाची संख्या खाली ठेवते. रोगट झाड काढणं आणि निरोगी, खात्रीची कलमं लावणं ही कामं तिच्याने होणार नाहीत. हे उत्तर ऐकून कुणी उठून गेलं नाही. उलट कलमं कुठून घ्यायची यावर तासभर बोलणं चाललं.

पुढचा प्रश्न माझ्या अपेक्षेहून चांगला: "किती गोल छिद्रं दिसली त फवारा नाही मारायचा?" यासाठी ठाम आकडा मी दिला नाही. ठरलं ते असं: हस्ताच्या नवतीआधी गटातले पाच जण आपापल्या बागेत ठरलेल्या झाडांची पानं दर आठवड्याला तपासतील, चिरा आणि छिद्रं वेगवेगळी मोजून वहीत लिहितील. फवारा मारला तर औषध आणि तारीखही.

१५ जुलै

पावसाळी पिढीची काळी माशी सुरू. काकांनी स्वतः सांगितलं, पिल्लं निघण्याचा दिवस पकडून एकदाच फवारू, बांधाकडच्या ओळी याही वेळी सोडू. अंड्यांच्या वळणांवर त्यांनी फिती बांधल्या आहेत आणि रोज सकाळी भिंग घेऊन जातात.

वह्या छापायला टाकल्या. रकाने: तारीख, ओळ, झाड, पानं, चीर, छिद्र, मुंग्या, फवारा. मावशींना लिहिता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी चीर आणि छिद्राची चित्रं असलेली वही वेगळी काढली. त्यात फक्त रेघ मारायची. पानं तपासायच्या कामाची त्यांची मजुरी गटाच्या वर्गणीतून द्यायची, हे कालच्या बैठकीत मंजूर झालं. अल्कोहोलमधले नमुने ओळख पटवायला सोमवारी धाडते. नावं नक्की झाली की पाट्यांवरचं "बहुधा" काढता येईल.